जिवंत पोरीच्या फोटोला हार

माझ्या भावाच्या पोरीच्या फोटोला कोणीतरी हार घातला, तेव्हा ती जळगावला स्वतःच्या घरात मेथी निवडत बसली होती.

हार खरा नव्हता, मोबाइलवरचा होता. तुम्हालाही येत असतील तसले फोटो, आमच्या खानदेशात तर सकाळच्या चहाआधी एखादा येतोच. काळी पाटी, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे माणूस, गळ्यात हार, कोपऱ्यात समई. तिचा फोटो तसाच केला होता. जन्मतारखेच्या जागी काही नव्हतं आणि मृत्यूच्या जागी लिहिलं होतं, 'लवकरच'. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. इतके की बोट दुखेपर्यंत सरकवा, संपत नव्हते.

मी तो धुळ्याला देवपुरातल्या घरात पाहिला. शाळा माझी चौथीपर्यंत, मोबाइल मी स्वतःच शिकले, चुकत माकत. त्या दिवशी वाटलं, शिकले नसते तर बरं झालं असतं. मग लगेच वाटलं, शिकले ते बरंच झालं, आता हा कोण आहे ते मी शोधून काढीन. आमच्या आईचा राग माझ्यात उतरलाय. भाऊ माझा गरीब गाय आहे, त्यामुळे त्याच्या वाटचाही मीच करते.

पोरीचं सांगते. ती अहिराणीत स्वयंपाकाचे व्हिडिओ करायची. डाळीचे फुनके, कळण्याची भाकरी, शेवभाजी. हात चालायचा आणि तोंड त्याहून जास्त. सासू-सुनेच्या गोष्टी, नवऱ्यांचे टोमणे. लग्न व्हायचं होतं तरी तिला सासवांची सगळी माहिती. सुरत-वापीला गेलेली आपली माणसं जेवताना तिचा व्हिडिओ लावायची. मग तिचा साखरपुडा मोडला. मुलाकडचे म्हणाले, पोरगी मोबाइलवर नाचते. ती नाचत नव्हती, भाकरी थापत होती, पण असो. पुढे बरेच दिवस तिने काही टाकलं नाही, आणि एकदा एवढंच लिहिलं : "बठ्ठानाच कटाळा उना. आते काहीच नको वाटस." सगळ्याचाच कंटाळा आलाय, आता काहीच नको वाटतं.

याच्याखाली लोकांनी काय लिहावं? कोणी लिहिलं, नाटक. कोणी लिहिलं, व्ह्यूज कमी झाले वाटतं. आणि मग तो हार.

मी फोन लावला तर म्हणाली, "काही नही फुई, लोके गंमत करतस." आत्याला आम्ही फुई म्हणतो. आवाज असा होता जसा रिकाम्या हंड्यातून येतो. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, जेवते, झोपते, बोलत नाही. भाऊ म्हणाला, होईल बरं, वय असतं. भावाकडे बटणाचा फोन, त्याने तो फोटो पाहिलाच नव्हता. पाहिला असता तरी म्हणाला असता, जाऊ दे अक्का. धाकटा आहे ना, मोठ्या बहिणीला अक्का म्हणतो आणि सगळं जाऊ देतो.

मी जाऊ देणारी नाही. माझं भजनी मंडळ आहे. एकादशीला आणि गुरुवारी देवळाच्या ओसरीवर आम्ही जमतो. त्या गुरुवारी टाळ पिशवीतून बाहेरच आले नाहीत. मी सगळ्यांना फोटो दाखवला. आमच्यात एक निवृत्त बालवाडीच्या बाई आहेत. मोबाइलचं काही अडलं की आम्ही त्यांच्याकडे बघतो आणि त्या आपल्या नातीला फोन करतात. त्या म्हणाल्या, तक्रार करता येते. पुष्कळ जणींनी एकदम केली तर कंपनी दखल घेते, खातंच बंद करते. मला तर हे एकादशीचा फराळ पानात पडल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, दाबा सगळ्या.

दाबलं. तीन ठिपके असतात, ते दाबले की विचारतं, कशाबद्दल तक्रार आहे. त्यात शिवीगाळ होतं, फसवणूक होतं, आणि एक होतं, आत्महत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. गोष्ट तर त्याचीच होती ना? म्हणून सगळ्यांनी तेच दाबलं. आमच्यात मागच्या रांगेत एक आजी बसतात, भजन सुरू झालं की झोपतात. त्या दिवशी जाग्या होत्या, त्यांनी दोनदा दाबलं. मी घरी येऊन शांत झोपले. म्हटलं, मेल्याचं खातं आता बुडतंय.

बुडालं ते पोरीचं मन. पण ते मला नंतर कळलं.

झालं असं की त्या माणसाचं खातं जिथल्या तिथे राहिलं, आणि पोरीचा फोन लागेना. व्हिडिओचं पानही दिसेना, तिने ते बंद केलं होतं. वहिनीचा भावाच्या फोनवरून फोन आला. म्हणाली, पोरीने खोलीचं दार ओढून घेतलंय, आणि तो गोल दिवा, ज्याच्या उजेडात ती व्हिडिओ करायची, तो शेजारच्या मुलीला देऊन टाकला. "तुला राहू दे, मला आता लागणार नाही," असं म्हणाली. वहिनी हे अशा सुरात सांगत होती की पोरगी किती शहाणी, वस्तू वाया घालवत नाही.

तो दिवा तिने पैसे साठवून घेतला होता आणि कोणाला हात लावू द्यायची नाही. मी वहिनीला सांगितलं, आत जाऊन तिच्याजवळ बस. भांडी राहू दे, बोलली नाही तरी बस, मी येईपर्यंत उठायचं नाही. आणि निघाले.

बसमध्ये बालवाडीच्या बाईंचा फोन आला. त्यांनी अशा वेळी मदत करणाऱ्या एका हेल्पलाइनला फोन करून माझ्यासाठी विचारून ठेवलं होतं. त्यांना सांगण्यात आलं, पोरीला सरळ विचारा, मरावंसं वाटतंय का. मी म्हटलं, बाई, असं विचारून नसलेलं डोक्यात भरायचं? त्या म्हणाल्या, मी पण हेच विचारलं. त्यांनी सांगितलं, विचारल्याने डोक्यात येत नाही. आलेलं असेल तर ते एकटीने धरून ठेवावं लागत नाही. आणि उत्तर आलं की उपदेश करायचा नाही, ऐकायचं.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. बस थांबायची, लोक चढायचे, शेंगदाणे विकणारा यायचा, आणि मी खिडकीला डोकं लावून त्या हारवाल्याला शिव्या देत होते, मनातल्या मनात. त्याचा चेहरा ठाऊक नव्हता म्हणून दिसेल त्या माणसाचा चेहरा त्याला लावत होते. कंडक्टरही त्यातून सुटला नाही. म्हटलं, पोरीला काही झालं तर मी याच्या दारात जाऊन बसेन. तेव्हा ते नुसतं बोलणं होतं.

जळगावला पोहोचले तेव्हा दुपार होती. वहिनी सांगितल्याप्रमाणे बसलेली होती, नुसती, हातावर हात ठेवून. तिला म्हटलं, चहा ठेव. मी पोरीच्या पलंगावर बसले. तिचे केस विंचरलेले नव्हते. मी कंगवा घेतला आणि मागे बसून विंचरायला लागले. तोंड दिसत नव्हतं म्हणून विचारायला जमलं.

"मरावंसं वाटतंय का तुला?"

कंगवा गुंत्यात अडकला होता. मी तो ओढला नाही, तसाच धरून राहिले. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, रोज नाही, पण वाटतं. मग ती जी रडली, तसं मी तिला फक्त ती लेकरू असताना रडताना पाहिलं होतं. ओठावर आलेले सगळे उपदेश मी गिळले. माझ्यासारखीला ते किती कठीण, ते आमच्या मंडळाला विचारा.

रडणं ओसरल्यावर तिने उशीखालून फोन काढला आणि चालू केला. म्हणाली, "फोटो करून यांचं भागलं नाही फुई. हे बघ."

पाहिलं तर कंपनीकडून तिला निरोप आले होते. 'तुमची पोस्ट पाहून कोणाला तरी तुमची काळजी वाटते आहे. तुम्ही कठीण काळातून जात असाल तर मदत उपलब्ध आहे.' खाली एक बटण. आणि असा एक नाही, एकाखाली एक, तोच निरोप, गुरुवारच्या संध्याकाळी एका पाठोपाठ आलेले.

"रांग लावली त्यांनी," ती म्हणाली. "आता काळजीची पण थट्टा करतात. एवढ्या लोकांना माझं मरण गंमत वाटते."

मला आधी कळलंच नाही. मग गुरुवार म्हटल्यावर टाळक्यात उजेड पडला. आम्ही तीन ठिपके त्या हाराचे दाबायचे सोडून तिच्या लिहिण्याचे दाबले होते. आणि आत्महत्या दाबलं, म्हणजे कंपनीला कळवलं की ही पोर संकटात आहे, तिला विचारा. कंपनीने प्रत्येकीच्या नावचा निरोप नाव न सांगता तिला धाडला होता.

मी म्हटलं, "अगं, थट्टा नाही ती. आम्ही आहोत."

"कोण आम्ही?"

"भजनी मंडळ."

मी सगळं सांगितलं, देवळाची ओसरी, बालवाडीच्या बाई, मेल्याचं खातं बुडवायला निघालेल्या आम्ही. ती म्हणाली, "सगळ्या? त्या मागे झोपणाऱ्या आजी पण?"

"त्यांनी तर दोनदा दाबलं."

तिला हसू आलं. रडून सुजलेल्या तोंडाने माणूस हसतो ते काही चांगलं दिसत नाही, पण मला त्याच्याइतकं देखणं काही आठवत नाही. ती पुन्हा वरून खाली निरोप मोजल्यासारखे बघायला लागली. आता ते तिला वेगळे दिसत असावेत. प्रत्येकाचं विचारत होती, हा कोणाचा, हा कोणाचा. मला काय माहीत, पण मी एकेकीचं नाव लावत गेले.

मग आम्ही ते खालचं बटण दाबलं. लिहून बोलायचं होतं. पोरीने पहिलं विचारलं, तुम्ही माणूस आहात की मशीन? उत्तर आलं, पहिला निरोप मशीनने पाठवला, आता मी माणूस आहे, बाई आहे, आणि मला वेळ आहे. त्या बाईंनी काही मोठं सांगितलं नाही. विचारत गेल्या. कधी जास्त वाटतं, तेव्हा घरात कोण असतं, कोणाला हाक मारशील. पोर लिहीत होती आणि मी चष्मा लावून शेजारी बसले होते. सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात, तिथे दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः तिला घेऊन गेला. 'जाऊ दे' तो त्यानंतर म्हणाला नाही. आणि एक ठरलं, की लोकांनी लिहिलेलं तिने वाचायचं नाही. पान दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचं. पोरीने ते पुन्हा उघडून मला दिलं. म्हणाली, फुई वाचेल, फुईला शिव्या येतात.

मी जळगावलाच राहिले. पोर औषध घेत होती, आईला लसूण सोलून देत होती, मधेच दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडत होती. अशा दिवशी आम्ही आळीपाळीने जवळ बसायचो. आणि ती झोपली की मी ते लोकांनी लिहिलेलं वाचायचे. वाचायचंच असं नव्हतं, पुसायचं होतं. पण पुसण्याआधी मी प्रत्येक वाचलं. जिच्या हातचे फुनके बघून ज्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तेच हे लोक. मला एकेकाच्या घरी जायचं होतं. जाता येत नव्हतं म्हणून एकच निवडला, हारवाला.

त्याच्या खात्यावर नाव खोटं, फोटो कुठल्याशा वाघाचा. पण त्याने एक चूक केली होती. हार त्याने स्वतःच्या हातचा घातला होता. मी तो फोटो मंडळाला पुन्हा पाठवला आणि म्हटलं, बायांनो, नीट बघा. आम्ही साठी-सत्तरीच्या बाया. आमच्या मोबाइलमध्ये श्रद्धांजल्यांशिवाय असतं काय? संध्याकाळपर्यंत एकीचा फोन आला. म्हणाली, हा हार माझ्या जेठांचा, थोरल्या दिरांचा आहे. जेठ बोदवडला वारले तेव्हा असाच फोटो आला होता, झेंडूत मधे मधे निळी फुलं, आणि समईला दोन ज्योती. निळी फुलं तिला तेव्हाच खटकली होती. निळी फुलं हारात कोण घालतं? तिने पुतण्याला विचारलं. पुतण्या म्हणाला, फोटो वरणगावच्या एका फ्लेक्सच्या दुकानात केला होता.

मी दुकानाला फोन लावला. आवाज तरुण होता, नम्र होता. मी म्हटलं, श्रद्धांजलीचा फोटो करायचा आहे. त्याने दुःख झालं म्हणून सांगितलं आणि नमुने पाठवले. सगळ्यांत निळी फुलं. मग मी पुन्हा फोन केला.

"आवडला का आजी? कोण वारलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं. "मृत्यूच्या जागी 'लवकरच' लिहून द्याल का? तुम्ही लिहिता असं ऐकलं."

फोन कट झाला. बस, मला तेवढंच हवं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. कोणाच्या घरी माणूस गेलं की दारावर जातात. बोलावणं लागत नाही, श्रद्धांजलीचा फोटो हेच बोलावणं. बायका डोक्यावरून पदर घेऊन जातात, दाराशी बसतात. निघताना येते म्हणत नाहीत, नुसत्या उठून जातात. म्हटलं, याने फोटो पाठवलाय, तर रीत पाळली पाहिजे.

धुळ्याहून मंडळ भाड्याच्या जीपने आलं. मागच्या रांगेतल्या आजी पुढच्या सीटवर होत्या. पोरीला मी सांगितलं, देवीला जाऊन येते. वरणगावात त्याचं घर विचारायला वेळ लागला नाही. रविवार होता. छोटं, स्वच्छ घर, दारात तुळस, दोरीवर कपडे. आम्ही जीपमधून उतरलो, पदर पुढे ओढले, आणि एक शब्द न बोलता त्याच्या दाराशी जमिनीवर बसलो. गल्लीतली पोरं खेळायची थांबली. समोरच्या घराची खिडकी उघडली.

आतून त्याची आई आली. माझ्याहून लहान, हाताला पीठ लागलेलं. तिने आम्हाला पाहिलं आणि ती पांढरी पडली. दारात अशा बायका येऊन बसतात त्याचा एकच अर्थ असतो. तिचा मुलगा सकाळी मोटारसायकल घेऊन बाहेर गेला होता, हे मला नंतर कळलं. तिने चौकट धरली. तिला विचारायचं होतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

मी लगेच सांगू शकले असते. मी गप्प राहिले. मुद्दाम. माझ्या वहिनीने जे भोगलं त्यातलं चिमूटभर तरी या घरात पडू दे, असं मला वाटलं. ते चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा, मी ठरवलेलं नाही.

"कोन मरनं?" ती शेवटी म्हणाली.

"आम्ही तेच विचारायला आलोय," मी म्हटलं. "तुमचा मुलगा सुखरूप आहे. पण त्याने आमच्या पोरीचा फोटो पाठवला. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे गमी झाली, म्हणून दारावर आलो."

मी फोटो दाखवला. तिने हात पदराला पुसून मोबाइल घेतला. तिला वाचता येत होतं, ओठ हलत होते. 'लवकरच'पाशी ओठ थांबले. मी सांगितलं, पोर जिवंत आहे, पण दवाखान्यात न्यावं लागलं, आणि अजून आम्ही तिला एकटी सोडत नाही. ती आमच्यासमोर खाली बसली. जणू तीही आमच्यातलीच, दारावर आलेली.

तेवढ्यात तो आला. तिशीच्या आतला, किडकिडीत, हातात बटाट्यांची पिशवी. आम्हाला बघून धावत आला, त्यालाही वाटलं, आई गेली. आईला बसलेली पाहून तो थबकला आणि मग त्याने मला ओळखलं. चेहऱ्याने नाही, मी म्हटलं, "निळी फुलं नका घालत जाऊ हारात," तेव्हा आवाजाने.

आईने त्याच्यापुढे मोबाइल धरला. "हाऊ फोटो तू करा?"

तो म्हणाला, सगळेच लिहीत होते. म्हणाला, गंमत होती, मी तिला ओळखतपण नाही. हे मात्र खरं होतं. ओळख ना पाळख. शेवटी तर म्हणाला की त्याच्या त्या फोटोला सगळ्यात जास्त लोक हसले होते. हे त्याने कशाला सांगितलं त्यालाच ठाऊक. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी शिव्या देण्याची गरज नाही. तरी मी दिल्या. अहिराणीत, सावकाश, पूर्ण गल्लीला ऐकू जातील अशा. बटाटे पिशवीतून घरंगळत होते आणि त्याला ते उचलायचं सुचत नव्हतं. मग आम्ही उठलो. येतो म्हटलं नाही.

बालवाडीच्या बाईंनी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. त्याचं तोंड, बटाटे, माझ्या शिव्या. परत येताना जीपमध्ये तो व्हिडिओ या हातातून त्या हातात फिरत होता. सगळ्यांचं एकच म्हणणं, पोरीच्या पानावर टाक. बघू दे खानदेशाला. पानाच्या चाव्या माझ्याकडे होत्या. माझे हात शिवशिवत होते. मला दिसत होतं, त्याच्या वाघाच्या फोटोखाली लोक आता काय काय लिहितील. त्याला झोप लागणार नाही. मला तेच पाहिजे होतं.

घरी गेले तर पोर जागी होती. देवीचा प्रसाद कुठे म्हणाली. मला खोटं रेटता आलं नाही. सगळं सांगितलं, व्हिडिओ दाखवला. ती हसेल असं वाटलं होतं. तिने तो पूर्ण पाहिला, शिव्यांसकट, आणि फोन पालथा ठेवला.

"हा टाकलास तर खाली लोक कोणाचं नाव लिहितील, फुई?"

मी म्हटलं, त्याचं.

"आधी त्याचं. मग माझं. ती कोण, तिने असं काय लिहिलं होतं, तो फोटो कुठे आहे, दाखवा. परत तो हार निघेल." मग म्हणाली, "आत्ता आत्ता मला सकाळी उठवतंय. नको टाकू."

त्या लिहून बोलणाऱ्या बाईंनाही तिने विचारलं. त्यांनी तेच सांगितलं, की गर्दी एकदा जमली की ती कोणाच्या दारात थांबेल ते आपल्या हातात नसतं. त्या मुलाच्या जिवाचाही विचार करा, असंही त्यांनी लिहिलं. ते मी वाचलं. खोटं कशाला बोलू, मी व्हिडिओ टाकला नाही तो त्याच्यासाठी नाही. पोरीसाठी नाही टाकला. मंडळातल्या प्रत्येकीकडून मी तो पुसून घेतला, भांडून, शपथा घालून. माझ्या रागाला आता जायला जागा राहिली नाही. रात्री दात खायचे, सकाळी जबडा दुखायचा.

मग एक दिवस त्याच्या आईचा फोन आला. म्हणाली, मुलाने तो फोटो काढून टाकलाय, माफी मागायला घेऊन येते. मी म्हटलं, पोरीच्या समोर तो उभा राहणार नाही आणि माफी मला नको, ती ना खाता येते ना लावता येते. मला त्याचं काम हवंय. त्याच्या सुट्टीच्या दिवशी पाठवा.

गोष्ट अशी होती. पानावर शब्द घालून ठेवता येतात. तो शब्द कोणी लिहिला की ते लिहिणं आपोआप झाकलं जातं, कोणाला दिसत नाही. कंपनीला हिंदीतल्या शिव्या कळतात, मराठीतल्या थोड्या कळतात. अहिराणीतल्या कळत नाहीत. आणि लोक तर अक्षरं फिरवून, मधे ठिपके घालून लिहितात, ते मलाही कळत नाही. ते कोणाला कळणार? जो लिहितो त्याला.

जळगावात पिंप्राळ्याला माझी मावसबहीण राहते, तिच्या ओट्यावर मी त्याला बसवलं. पोरीचं घर त्याला दाखवलं नाही. मोबाइल माझा, माझ्याच हातात. त्याला म्हटलं, पुसण्याआधीचं मी थोडं ठेवलंय. मोठ्याने वाच. त्यातला एकेक शब्द सांग, मी घालते.

तो म्हणाला, आजी, मनात वाचतो ना.

"मनात तिने वाचलं. तू मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. पहिल्यांदा भराभर वाचत होता, मी म्हटलं, हळू. जिभेवर ते शब्द आले की तो थुंकी गिळायचा. माझी मावसबहीण दाण्याची टरफलं काढत होती, ती मधेच म्हणायची, पुन्हा वाच बाबा, मला ऐकू आलं नाही. तिचे कान चांगले शाबूत आहेत. एका ठिकाणी त्याचा आवाजच निघेना. लोकांनी त्याच्या हाराखाली लिहिलेलं होतं ते. मी वाट पाहिली. मला घाई नव्हती. मला त्या दिवशी जे सुख झालं तसं तीर्थाला जाऊन झालं नाही, हे लिहून ठेवते.

मग हेच सुरू झालं. तो सुट्टीच्या दिवशी यायचा, नवे शब्द सांगायचा, मी घालायचे. मी धुळ्याला परतले तरी त्यासाठी बसने यायचे. मधे पोरीने तो गोल दिवा शेजारच्या मुलीकडून मागून आणला. मागताना लाज वाटली म्हणाली. मी म्हटलं, लाज गेली चुलीत. तिने एक व्हिडिओ केला, कळण्याची भाकरी. पूर्वीसारखं तोंड चालत नव्हतं, मधे मधे गप्प होती, पण भाकरी गोल होती. टाकायच्या आधी तिने मला विचारलं, वाचशील ना? मी म्हटलं, मी आहे.

व्हिडिओ गेला त्या रविवारी तो ओट्यावरच होता. लोक लिहायला लागले. चांगलं लिहीत होते, आणि मधेच एक जण घाण लिहायचा आणि ते तिथल्या तिथे झाकलं जायचं. दोन निसटले, ते त्याने मला बोटाने दाखवले, वाचून, मोठ्याने. मी पुसले. पोरीला तेवढंच दिसलं जे दिसायला हवं होतं. तिचा फोन आला, आवाज आता रिकामा नव्हता. लोक विचारताहेत फुई, कुठे होतीस म्हणून.

मी फोन ठेवला तर तो चप्पल घालत होता. दारात घुटमळला. मग विचारलं, "अजून किती दिवस यायचं, आजी?"

मी म्हटलं, "ती म्हातारी होईपर्यंत."

त्याला वाटलं, मी चेष्टा करते. मी त्याच्याकडे हसून पाहिलं नाही. पुढच्या रविवारी तो वेळेवर आला.